"काही करत नाही हो तो!"

काल लिफ्टमध्ये पुन्हा तेच. कुत्रा मोकळा, पट्टा मालकाच्या हातात, आणि वर "काही करत नाही हो तो!" मार्चमध्ये हेच ऐकलं आणि पुढच्याच क्षणी आईच्या पोटरीत चार दात रुतले. निऱ्या रक्ताने भिजल्या. मग रेबीजच्या लशीच्या फेऱ्या: ०, ३, ७, २८वा दिवस. जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडांची, सुई घातली तेव्हा तिने माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. आणि मालक म्हणतात, "त्यांनीच घाबरून पाय हलवला."

अहो, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आहे! जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण भरपाई हवी तर दिवाणी दावा लावा, वर्षानुवर्षं खेटे घाला. मोकाट जनावरांच्या हल्ल्यांसाठी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सरकारला दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये द्यायला लावले. मग पाळीव कुत्र्याच्या मालकाला असा सरळ हिशेब का नाही? सोसायटीची मीटिंग झाली, "सामोपचाराने घ्या" म्हणाले, संपलं.

गुडघे दुखत असूनही आई अजून जिन्यानेच चढते. तिसरा मजला.