चित्रात कान नाहीत म्हणून मूल मंद ठरत नाही

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘चार वर्षांच्या मुलाला माणूस काढायला सांगा. त्यावरून ते चौदाव्या वर्षी किती हुशार असेल ते कळतं, हे लंडनच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. ही बुद्धी जन्मजात असते. हात-कान विसरणाऱ्या मुलांकडून रोज सराव करून घ्या.’ मी बालवाडीत शिकवते. हा मेसेज वाचून पोराचं चित्र हातात घेऊन आलेल्या, डोळ्यांत पाणी आलेल्या आया मी पाहिल्यात. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

‘सिद्ध केलंय’ म्हणतात तो अभ्यास खरा आहे. किंग्ज कॉलेज लंडनच्या रोझलिंड आर्डन आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. जुळ्यांच्या ७,७५२ जोड्या, प्रत्येक मुलाचं एक चित्र आणि त्याला शून्य ते बारा गुण. या गुणांचा चौथ्या वर्षीच्या बुद्धिचाचणीशी सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण जुळणं) आला ०.३३ आणि चौदाव्या वर्षीच्या चाचणीशी ०.२०. मेसेजमध्ये हे आकडे नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. ०.२० चा वर्ग ०.०४. म्हणजे चौदाव्या वर्षी मुलामुलांच्या गुणांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम चार टक्के भाग चित्राच्या गुणांशी जुळतो. हजारो मुलांच्या सरासरीत असा धागा दिसतो. तुमच्या एकट्या मुलाचं भविष्य त्यावरून सांगता येत नाही. चित्र वाईट आलं तर काळजी करू नका, असं खुद्द आर्डन यांनीच तेव्हा सांगितलं होतं.

‘सुबक चित्र म्हणजे हुशारी’ असंही काही जण या मेसेजला जोडतात. त्या अभ्यासात सुबकतेला गुणच नव्हते. अवयव मोजले होते. डोकं, धड, दोन हात, दोन पाय आणि चेहरा कोरा, अशा चित्राला चार गुण.

आता ‘अवयव विसरतात’ हा मुद्दा. तो मला सर्वांत जास्त टोचतो. तीन-चार वर्षांची मुलं एक गोल काढतात, त्यात डोळे, आणि गोलातूनच खाली दोन पाय. धड नाही. जगभरची मुलं या टप्प्यातून जातात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने अशीच आई काढली होती. मी विचारलं, ‘आईचं पोट कुठंय गं?’ तिने क्षणभरही न थांबता दोन पायांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. पोट तिला ठाऊक होतं. त्यासाठी वेगळी रेघ मारायची गरज तिला वाटली नव्हती.

कपाचा एक जुना प्रयोग आहे. १९७२ मध्ये फ्रीमन आणि जॅनिकून या संशोधकांनी मुलांपुढे एक कप असा ठेवला की कपाचा कान मागे लपलेला आणि पुढे फुलाची नक्षी. लहान मुलांनी बहुतेक करून न दिसणारा कान काढला आणि समोरचं फूल सोडून दिलं. मूल कॅमेऱ्यासारखं टिपत नाही, त्याला त्या वस्तूत जे महत्त्वाचं वाटतं ते कागदावर येतं. कागदावर जे आलं नाही ते डोक्यातही नाही, असं कसं म्हणणार?

‘जन्मजात’बद्दल थोडक्यात. चित्राच्या गुणांतल्या फरकाचा सुमारे २९ टक्के भाग त्या अभ्यासाने आनुवंशिकतेकडे लावला. बाकीचा मोठा भाग उरतोच.

राहिला सराव. एका मुलाला घरी रोज माणूस गिरवायला लावला. महिन्याभरात त्याच्या चित्रात कान, भुवया, सगळं आलं. पण तो पाठ केलेला माणूस होता, त्याने बुद्धी वाढत नाही. उलट तो वर्गात कागद दिला की आधी विचारू लागला, ‘बाई, हे बरोबर आहे का?’

मूल बोलायला मागे वाटत असेल, हाक ऐकू येत नसेल, पेन्सिल धरताच येत नसेल, किंवा आधी येणारी गोष्ट येईनाशी झाली असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जरूर जा. नुसत्या चित्रासाठी जाऊ नका.