विष अंगावर घ्या, पण हद्द बघून

सैन्यात जायचं मनात असेल, आणि पुढे कधी ‘हा आमच्याच विषानं आजारी पडला’ असं सरकारनं लिहून द्यावं अशी इच्छा असेल, तर शौर्याचं नंतर बघू. आधी नकाशा आणि कंपास घ्या. जमल्यास पंचांगही.

पहिला नियम: पाय जमिनीवर ठेवा. घरची मोठी माणसं हेच सांगतात. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं २००२ साली शब्दशः सांगितलं. १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी विमानांनी व्हिएतनामच्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं ओतली. त्यातलं निम्म्याहून अधिक एजंट ऑरेंज. (नाव चवीवरून नव्हे, पिंपावरच्या नारिंगी पट्ट्यावरून.) त्यात डायॉक्सिन हे जहाल विष होतं. १९९१ साली कायदा झाला: तिथे होतात, यादीतला आजार झाला, तर पुरावा मागणार नाही. छान! फक्त ‘तिथे’ म्हणजे कुठे, ते खात्यानं पुढे ठरवलं. व्हिएतनामच्या मातीला पाऊल लागलेलं हवं. वामनाला तीन पावलं लागली, तुमच्याकडे एकच मागितलं, आणि तुम्ही म्हणता, ‘साहेब, मी जहाजावर होतो’?

जहाजावर समुद्राचं पाणी उकळायचे, वाफ थंड करायचे आणि तेच प्यायचे. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच २००२ साली दाखवून दिलं, की या खटाटोपात मीठ मागे राहतं, डायॉक्सिन मात्र वाफेबरोबर येतं आणि उलट दाट होतं. पण शास्त्र पाण्यात, खातं जमिनीवर. गाठ पडायला २०२० उजाडलं. आता किनाऱ्याजवळच्या ठरलेल्या रेषेपासून बारा सागरी मैलांपर्यंत चालतं. बाराव्या-तेराव्याचा हिशेब आपल्याला नवा नाही; तोवर तिकडे बऱ्याच घरांत तो उरकूनही झाला होता.

वारा हद्द पाळत नाही, हे आमच्याकडे बांधावरच्या कुणालाही विचारा. एजंट ऑरेंजमधलं अर्धं रसायन म्हणजे टू-फोर-डी, आपण उसात तणावर मारतो तेच. (डायॉक्सिन आलं ते दुसऱ्या अर्ध्यातून.) चार थेंब उडून शेजारच्या द्राक्षांवर गेले की पानं वाकडी होतात आणि माणसंही. तिथं कुणी विचारत नाही, ‘तुमच्या वेलीनं आमच्या रानात पाऊल ठेवलं होतं का?’

दुसरा नियम: मरताना मुहूर्त बघा. कॅनडात गेजटाउनच्या लष्करी तळावर १९६६ आणि १९६७ साली अमेरिकेनं हेच फवारून पाहिलं. २००७ साली कॅनडा सरकारनं वीस हजार डॉलर देऊ केले. अटी किरकोळ: त्या उन्हाळ्यात तळावर किंवा पाच किलोमीटरच्या आत असावं, आजार यादीतला असावा आणि ६ फेब्रुवारी २००६ रोजी जिवंत असावं. त्या दिवशी नव्या सरकारनं शपथ घेतली होती. ५ तारखेला गेलात? घाई केलीत. ही अट २०१० साली काढली. ज्यांच्यासाठी काढली त्यांना कळवायचा पत्ता तेवढा नव्हता.

वशिला लावू म्हणाल, तर तोही बेताचाच. व्हिएतनामातल्या मेकाँग खोऱ्यात नदीकाठची झाडी फवारून काढायचा हुकूम तिथल्या अमेरिकी नौदलाचे प्रमुख ॲडमिरल झुमवॉल्ट यांचा. काठावरून गोळ्या येत, पोरं मरत, म्हणून. त्याच पाण्यात त्यांचा मुलगा गस्तीची बोट चालवत होता. तो १९८८ साली कॅन्सरनं गेला, कायद्याच्या तीन वर्षं आधी. याच्याहून वरचा वशिला आणायचा कुठून?

शेवटचं, नावाचं. वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकाच्या काळ्या भिंतीवर अठ्ठावन्न हजारांहून जास्त नावं आहेत. तिथं नाव हवं असेल तर युद्धभूमीवर मरा, नाहीतर तिथल्या जखमेनं. वीस वर्षांनी घरच्या खाटेवर, फवारणीनं मेलेलं चालत नाही. त्यांच्यासाठी २००४ साली जवळच फरसबंदीत एक पाटी बसवली आहे. तिच्यावर नाव कुणाचंच नाही. ती वाचायला मान खाली घालावी लागते.