भातुकली म्हणजे खोटं बोलणं नव्हे

"भातुकलीमुळे मुलं खोटं बोलायला शिकतात. लुटुपुटूचे खेळ बंद करा, अक्षरं गिरवायला बसवा." हा फॉरवर्ड आमच्या ताईपर्यंत पोचला आणि तिने साडेतीन वर्षांच्या लेकीची बोळकी माळ्यावर टाकली. म्हणून लिहितेय.

आधी खोटेपणाचं बघू. गेल्या महिन्यात याच भाचीने मला रिकामी वाटी दिली. "मावशी, चहा. गरम आहे हं, फुंकून पी." मी फुर्रकन ओढला, तर डोळे मोठे करून म्हणाली, "भाजली ना जीभ?" वाटीत काही नाही हे तिला ठाऊक, मला ठाऊक, आणि मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक. मग फसवलं कोणी कोणाला? खोटं बोलणाऱ्याला ते समोरच्याच्या गळी उतरवायचं असतं. इथे दोघींनी मिळून मानलंय. अ‍ॅलन लेस्ली या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये मांडलं, की केळं कानाला लावून 'फोन' करणारं मूल मनाची जी ताकद वापरतं, तीच दुसऱ्याचं मन समजायलाही लागते. 'आईला वाटतंय डब्यात लाडू आहेत, पण ते तर मी संपवले' हे साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास कळू लागतं.

त्या फॉरवर्डमध्ये आणखीही दावे होते. सगळ्यात चीड आली ती या वाक्याची: 'न दिसणाऱ्या मित्राशी बोलणं ही मानसिक आजाराची खूण.' आयांना असं घाबरवून काय मिळतं? मार्जोरी टेलर आणि स्टेफनी कार्लसन यांनी १९९७ मध्ये तीन-चार वर्षांच्या १५२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली कल्पनेत रमणारी चार वर्षांची मुलं दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचण्यांत सरस ठरली, भाषेतला फरक जमेस धरूनही. न दिसणारे मित्र असणारी मुलं याच रमणाऱ्यांतली.

'मुलगे बायकी होतात' यावर शब्द खर्चत नाही. बाबा पोळ्या लाटताना दिसला तर मुलगाही लाटणार, लाटू दे.

'खेळाचा फायदा सिद्ध नाही' हे मात्र साफ चूक म्हणता येत नाही. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आधीचे अभ्यास तपासले. खेळामुळेच समज वाढते, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. पण सिद्ध नाही म्हणजे घातक, हे कुठून काढलं?

ताई, रविवारी येतेय. बोळकी खाली काढून ठेव, तुझ्या लेकीने मला जेवायला बोलावलंय.