आग्नेयेला पुणे आणि मिक्सर

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत पाऊस, पाहुणे आणि पार्सलं बिनचूक पोचतात. पोचत नाही ते आकाशवाणीचं पुणे केंद्र, मीडियम वेव्ह, ७९२ किलोहर्ट्झ. लहानपण पुण्यात गेलं, त्यामुळे सकाळच्या बातम्या मला तिथल्याच लागतात. पण बिल्डिंगभरचे एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर मिळून जी खरखर करतात तिच्याखाली पुणे गाडलं जातं. गच्चीवर लांब तार ताणावी म्हटलं, तर आमची कमिटी तुळशीच्या कुंडीलाही ठराव मागते. उरला लूप अँटेना.

कृती सोपी. दोन लाकडी पट्ट्यांची फुली, तिच्यावर दोन-दोन फुटांचा चौकोन होईल असे इनॅमल तारेचे १२ वेढे, टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग, म्हणजे स्टेशन लावताना फिरवायचा कपॅसिटर. ट्रान्झिस्टर नुसता शेजारी ठेवायचा, जोडायचं काही नाही. गँग फिरवता फिरवता एका जागी आवाज एकदम उसळतो. आईने ते धूड न्याहाळून विचारलं, "कागद कधी चिकटवणार?" तिला तो आकाशकंदील वाटला होता.

या अँटेनाची खरी करामत ऐकण्यात नाही, बहिरेपणात आहे. चौकोनाच्या कडेच्या रेषेतलं तो ऐकतो. तोंडासमोरचं आणि पाठीमागचं त्याला ऐकू येत नाही. ऐकण्याची दिशा ऐसपैस, बहिरेपणाची मात्र अगदी नेमकी. (आमच्या सेक्रेटरींना हे उपजत जमतं.)

ठाण्याहून पुणे आग्नेयेला. म्हणजे कड आग्नेय-वायव्य आणि बहिरी बाजू ईशान्य-नैऋत्य. आमचा देव्हारा वास्तुशास्त्राप्रमाणे ईशान्येला. त्यावरच्या एलईडी माळेची खरखर बरोबर बहिऱ्या रेषेत आली आणि विझली. वास्तुशास्त्राला मी आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

पण हेच शास्त्र स्वयंपाकघर आग्नेयेला ठेवतं! मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशपाशी ठिणग्या उडतात, आणि रेडिओच्या हिशेबी प्रत्येक ठिणगी हे प्रक्षेपणच. पुणे आणि मिक्सर एकाच रेषेत. मिक्सरकडे पाठ फिरवावी तर पुण्याकडेही फिरते. शिवाय ही दिशा साधायची तर अँटेना स्वयंपाकघराच्या दारातच तिरका उभा करावा लागतो.

मुलगा म्हणतो, फोनवर अ‍ॅप आहे. अ‍ॅपवर पुणे कुठेही तोंड करून ऐकता येतं आणि हा त्याला गुण वाटतो.

"चटणी बातम्यांआधी वाटली तर?" मी सुचवलं.

"अहो, ताजी लागते ती तुम्हालाच," दारातून अंग चोरून बाहेर येत ही म्हणाली. मग तिने माळ्यावरून सासूबाईंचा पाटा-वरवंटा काढायला लावला. त्यात ठिणग्या नाहीत.

आता बातम्या लागल्या की चटणी पाट्यावर वाटली जाते. वाटतो मी. हवामानाचा अंदाज येईपर्यंत खोबरं बऱ्यापैकी बारीक झालेलं असतं.