नोटीस लागते तेव्हा मुदत संपत आलेली असते

आविष्कार संशोधन स्पर्धेची नोटीस आमच्या कॉलेजात यंदाही नावनोंदणीच्या आदल्या संध्याकाळी लागली. एका रात्रीत कोण संशोधन मांडणार? विद्यापीठाचं पत्र तर कधीच आलेलं असतं. ते सहीसाठी थांबतं, मग कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं. कमवा आणि शिका योजनेचे अर्ज निघाले होते हेही जागा भरल्यावर कळतं.

सगळ्यात चीड येते ती शिष्यवृत्तीची. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्याचा तहसीलचा दाखला लागतो, अधिवास प्रमाणपत्र लागतं, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. वसतिगृहात राहणाऱ्या पोराने हे दोन दिवसांत कुठून आणायचं? तहसील कचेरी त्याच्या तालुक्याला, वडील रोजंदारीवर. फीची सवलत हातची जाते आणि वर ऐकायला मिळतं, मुलं जागरूक नाहीत! स्नेहसंमेलनाची तारीख बरी महिनाभर आधी प्रत्येकापर्यंत पोचते.

पत्र आलं त्याच दिवशी त्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका हो. सही नंतर होऊ द्या.