हॅश जुळला, पण फाईल दिली कोणी?

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं की, पॅच (सॉफ्टवेअर दुरुस्त करणारी फाईल) कंपनीच्याच साइटवरून उतरवला, ब्राउझरमध्ये सुरक्षित जोडणीचं कुलूप दिसलं, हॅशही (फाईलमधून काढलेला ओळखीचा कोड) साइटवर छापलेल्याशी जुळला, तरी त्यावर आणखी फाईलवरची कंपनीची डिजिटल सही तपासायला सांगून मी लोकांना उगाच घाबरवतो. शिवाय २०१७ च्या सीक्लीनर या कॉम्प्युटर साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सही अस्सल असूनही आत व्हायरस निघालाच.

कुलूप असलं की फाईल वाटेत कोणी बदलत नाही, एवढंच. सर्व्हरवरच बदलली असेल तर कुलपाला त्याचा पत्ता लागत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची साइट हॅक झाली आणि डाउनलोडची लिंक बॅकडोअर (चोरवाट) घातलेल्या आयएसओकडे, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाईलकडे, वळवली गेली. साइटमध्ये शिरलेल्याला शेजारी छापलेला हॅश बदलायला कितीसा वेळ लागतो? सही करायची तर खासगी किल्ली (फक्त कंपनीकडे असलेला गुप्त कोड) लागते, आणि ती डाउनलोडच्या सर्व्हरवर ठेवतच नाहीत. निदान ठेवू नये.

तुम्ही नागपुरात बर्डीवरून ऑफिसांची सर्व्हिस करता म्हणून विचारतो. रामदासपेठेतल्या एखाद्या सीएकडे एका मशीनवर पॅच उतरवून तोच पेन ड्राइव्हने बाकीच्या मशीनवर नेता ना? कुलूप तर पहिल्या मशीनवरच संपलं. सही फाईलसोबत जाते. विंडोजमध्ये राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स, डिटेल्स. सही वैध आहे का ते बघा आणि नाव कोणाचं आहे तेही वाचा. एरवी सही करणाऱ्या कंपनीच्या इन्स्टॉलरला तो टॅबच दिसला नाही, तर तो चालवू नका. लिनक्सवर सही तपासणारं जीपीजी 'गुड सिग्नेचर' म्हणालं तरी काम अर्धंच झालेलं असतं, कारण किल्ली कोणाची हे ठरायचं असतं. तिचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट, म्हणजे ओळख-कोड, त्या साइटबाहेरच्या ठिकाणाहून पूर्ण जुळवा. शेवटची आठच अक्षरं बघून सोडू नका, तेवढी जुळणारी बनावट किल्ली करता येते.

सीक्लीनरचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा. ५.३३ आवृत्तीत घातपात कंपनीच्या आतच झाला आणि त्यावर कंपनीचीच सही चढली. सीएने डिजिटल सहीचं टोकन लावून ऑडिट रिपोर्टवर सही केली म्हणून आतले आकडे बरोबर ठरत नाहीत, पण सही कोणाची यावर वाद उरत नाही. पॅचचंही तेवढंच. म्हणून सही तपासल्यावरही आधी एका मशीनवर चालवून बघा, मग बाकीच्यांना द्या. पण सीक्लीनरचं कारण सांगून सही बघणंच सोडलं, तर बनावट फाईलला आयतं दार उघडतं, आणि त्या मशीनवर शेकडो लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील असतात.

तुम्ही कोणकोणती सॉफ्टवेअरं अपडेट करता ते कळवा. प्रत्येकाची सही कुठे सापडते ते बघून इथेच लिहितो.