व्हॉनेगटची ती कथा गरिबांना मिळणाऱ्या मदतीविरुद्ध नाही

अमेरिकी लेखक कर्ट व्हॉनेगट यांच्या 'हॅरिसन बर्जरॉन' (१९६१) या कथेचा हवाला देत, गरिबांच्या शिक्षणावर सरकारनं खर्च करणं म्हणजे हुशारांचे पाय कापणं, असं सांगितलं जातं. हे चूक आहे.

कथेत साल आहे २०८१. कायद्यानं सगळे 'समान' झालेत. जॉर्ज बुद्धिमान, म्हणून त्याच्या कानात रेडिओ बसवलाय. दर वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज येतो आणि चालू विचार तुटतो. गळ्यात ४७ पौंडांची, म्हणजे जवळपास २१ किलो छर्ऱ्यांची पिशवी, तीही कुलूपबंद. त्याचा मुलगा टीव्हीवर मारला जातो. ते पाहून आई रडते, पण का रडतोय हेच तिला आठवत नाही. वाचताना पोटात कालवतं.

पण इथं कुणाला काही दिलेलं नाही. ज्याच्याकडे आहे त्याचं हिरावलंय. समानता आणण्याची ही रीतच भयंकर, आणि भीती खरी आहे.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये शाळांच्या निधीचा खटला चालू होता. श्रीमंत भागाची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी हीच कथा पुढे केली. व्हॉनेगट तेव्हा हयात होते. त्यांनी स्पष्टच सांगितलं: कथा बुद्धी आणि गुणांबद्दल आहे, आणि श्रीमंती हा या दोन्हींचा पुरावा नव्हे. गरीब म्हणून मुलांना चांगलं शिक्षण नाकारलं जावं, हे त्यांना मान्य नव्हतं.

लेखकानं स्वतः एवढं सांगितल्यावरही उलटा अर्थ त्याच्याच नावावर खपवणं मला अन्यायाचं वाटतं.